बॅरन बेटाची बखर

घाटावर राहणाऱ्या माणसाला ज्वालामुखीची ओळख करून द्यावयाची म्हणजे त्याच्याच अंगणातला दगड उचलून त्याच्या हाती ठेवावयाचा. आपल्या घरांचे पाये, किल्ल्यांचे तट, देवळांच्या पायऱ्या ज्या काळ्या दगडाच्या, तो दगड एके काळी तापून पातळ झालेला शिलारस होता. त्या शिलारसाचे थरांवर थर साचले आणि त्यांतून सह्याद्री उभा राहिला. पण ही गोष्ट सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीची. तो सारा पसारा केव्हाच थंड झाला. म्हणून ज्वालामुखी म्हटला की आपल्याला इटली, जपान, जावा, सुमात्रा ही दूरची नावे आठवतात. आपल्या देशाच्या हद्दीतही एक जिवंत ज्वालामुखी आहे, हे पुष्कळांच्या ध्यानातच नसते.

तो आहे अंदमानच्या समुद्रात. अंदमान म्हटले की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे सेल्युलर जेल उभा राहतो. त्या जेलच्या गावाहून, म्हणजे पोर्ट ब्लेअरहून, ईशान्येकडे सुमारे १३५ किलोमीटर गेले की भर समुद्रात एक काळेभोर बेट दिसते. त्याचे नाव बॅरन. बॅरन म्हणजे ओसाड, आणि नाव सार्थ आहे. तेथे माणसाची वस्ती नाही. काही बकऱ्या आहेत. त्याही कोणे एके काळी माणसांनी सोडलेल्या, आणि आता रानटी झालेल्या.

आज आपल्याला या बेटाच्या उद्रेकांचा अलीकडचा इतिहास पाहावयाचा आहे. तुम्ही म्हणाल, त्यात अवघड ते काय? ज्वालामुखी पेटला की धूर दिसतो, जाळ दिसतो. ज्या साली दिसला ते साल लिहून ठेवावे, झाली बखर तयार. पण वाचकहो, जेथे कोणी राहत नाही, तेथे लिहावयाचे कोणी? आणि लिहिणारा गैरहजर असताना डोंगर पेटला असेल, तर त्याचा पत्ता लावावयाचा कसा? या बेटाच्या इतिहासाची खरी गोम येथे आहे.

प्रथम स्थळाची ओळख करून घेऊ. बेटाचा व्यास सुमारे ३ किलोमीटर. समुद्रसपाटीपासून त्याची उंची साडेतीनशे मीटरच्या आसपास, म्हणजे आपल्या एखाद्या मध्यम टेकडीएवढी. पण ती केवळ पाण्यावरची उंची झाली. समुद्राच्या तळापासून मोजले, तर डोंगराचा आणखी दोन हजार मीटरहून अधिक भाग पाण्याखाली आहे. आपल्याला दिसते ते नुसते डोके.

आणि हे डोकेही धड नाही. मूळ डोंगराचा माथा फार पूर्वी फुटून खचला, आणि त्याच्या जागी एक मोठा थोरला वाटोळा खळगा झाला. गुऱ्हाळातली काहील तुम्ही पाहिली असेल. तशी काहील डोळ्यांपुढे आणा. तिचे काठ म्हणजे जुन्या डोंगराच्या उरलेल्या भिंती. पश्चिमेच्या बाजूला हा काठ फुटलेला आहे, आणि त्या खिंडारातून थेट समुद्र गाठता येतो. काहिलीच्या मधोमध राख आणि जळक्या खड्यांची एक शंकूसारखी टेकडी आहे. आताचे उद्रेक होतात ते या टेकडीतून आणि तिच्या आसपासच्या तोंडांतून. तेथून निघालेला शिलारस दाट काकवीसारखा सावकाश वाहतो, आणि खिंडारातून बाहेर पडून समुद्राला मिळतो.

हा जाळ येथेच का? कारण भारत ज्या भूपट्टावर बसला आहे, तो भूपट्ट या बाजूला ब्रह्मदेश आणि अंदमान यांच्या खालच्या भूपट्टाखाली सरकत जातो. खाली जाताना तो समुद्राचे पाणी सोबत नेतो. शंभर किलोमीटरच्या आसपास खोलीवर हे पाणी सुटे होते, आणि त्याच्या संसर्गाने वरचा तप्त खडक वितळू लागतो. सुमात्रा आणि ब्रह्मदेश यांच्या ज्वालामुखींमधला दुवा म्हणजे हे बेट.

आता साक्षीदारांकडे वळू. पहिला भरवशाचा साक्षीदार भेटतो १७८७ साली. कोलब्रुक नावाचे बंगालकडील एक मोजणी अधिकारी जहाजातून बेटाजवळून जात होते. त्यांना बेटावरून धुराचा लोट उठताना दिसला. दोनच वर्षांनी, १७८९ साली, आर्चिबाल्ड ब्लेअर तेथे गेले. पोर्ट ब्लेअरला ज्यांचे नाव मिळाले तेच हे ब्लेअर. ते ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबईच्या आरमारातले अधिकारी. त्यांनी बेटाच्या अगदी निकट जाऊन पाहिले. धुराचे प्रचंड लोट निघत होते, लालबुंद दगडांचा वर्षाव होत होता, आणि त्यांतले काही दगड तीन-चार टन वजनाचे असावेत असा त्यांचा अंदाज होता. त्यानंतर १७९५ सालची नोंद आहे. १८०३-०४ मध्ये जहाजावरच्या लोकांनी पाहिले, की डोंगर दर दहा मिनिटांनी एकदा नियमाने स्फोट करतो आणि प्रत्येक वेळी काळ्या धुराचा खांब सरळ आकाशात चढतो. पुढे १८३२ सालची नोंद ही या जुन्या मालिकेतली अखेरची धरतात. त्यानंतरच्या एखाद्या उल्लेखाविषयी अभ्यासकांत एकमत नाही.

१७८७, १७८९, १७९५, १८०३, १८३२. ही साले एका ओळीत मांडली की सहज वाटते, १७८७ साली डोंगर जागा झाला, पंचेचाळीस वर्षे धुमसला आणि निजला. चित्र मोठे सुबक आहे. पण जरा थांबा. जहाजे या समुद्रात नेमकी केव्हा येत होती, हेही त्या सालांशेजारी मांडून पाहा.

कंपनीने अंदमानची पाहणी सुरू केली ती १७८० नंतरच्या दशकात. १७८९ साली ब्लेअर यांनी तेथे पहिली वसाहत घातली. १७९२ साली ती उत्तरेकडच्या बंदरात हलविली, आणि रोगराईने माणसे मरू लागली म्हणून १७९६ साली मोडून टाकली. आता पुन्हा उद्रेकांची साले पाहा. पाच नोंदींपैकी तीन या वसाहतीच्या आगेमागेच्या नऊ वर्षांतल्या आहेत! वसाहत मोडली, आणि नोंदी विरळ झाल्या. मग नोंदी विरळ झाल्या त्या डोंगर शांत झाला म्हणून, की गलबते फिरकेनाशी झाली म्हणून? गावात नाक्यावर पोलीस बसविला की गुन्ह्यांच्या नोंदी वाढतात. त्यावरून पोलीस येण्यापूर्वी गावात चोऱ्याच होत नव्हत्या असे कोणी म्हणत नाही. १७८७ हे साल डोंगराच्या जागे होण्याचे नव्हे. ते आपण तिकडे पाहू लागल्याचे साल आहे.

साक्षीदार हजर असला तरी त्याचे सगळेच म्हणणे मानता येते असेही नाही. मधल्या टेकडीच्या उंचीचीच गोष्ट घ्या. ब्लेअर यांनी ती जवळजवळ १८०० फूट सांगितली. १८३४ साली कॅप्टन मिलर यांनी ती ५०० फूट सांगितली, आणि भूस्तरशास्त्राचे मोठे पंडित चार्ल्स लायल यांनी आपल्या ग्रंथातील चित्राखाली तोच आकडा छापला. पुढे १८८४ साली रीतसर मोजणी झाली, तेव्हा उंची भरली सुमारे १०१५ फूट. हे तिन्ही आकडे खरे मानले, तर ४५ वर्षांत टेकडी १३०० फुटांनी खचली आणि पुढच्या ५० वर्षांत कोणाला न कळता ५०० फुटांनी वाढली असे म्हणावे लागेल. एवढी उलथापालथ झाली असती, तर तिच्या खुणा काहिलीच्या तळावर जागोजागी दिसल्या असत्या. सरळ अर्थ असा, की पहिले दोन आकडे नजरेच्या अंदाजाचे होते आणि अंदाज चुकले.

पण गंमत पुढेच आहे. त्याच ब्लेअर यांनी टेकडीचा उतार मोजून सुमारे ३२ अंश सांगितला होता, आणि तो मात्र पटण्यासारखा आहे. का? खळ्यात ज्वारीची रास घालताना पाहा. रास लहान असो की मोठी, तिच्या अंगाचा उतार एका ठराविक मर्यादेपलीकडे जात नाही. वरून ओतलेले दाणे घरंगळत खाली येतात आणि उतार कायम राखतात. ज्वालामुखीतून उडालेल्या सुट्या खड्यांची रासही याच नियमाने बनते, आणि तिचा उतार तीस-बत्तीस अंशांच्या आसपास राहतो. म्हणजे एकाच साक्षीदाराचे एक विधान टाकावे लागले आणि दुसरे ठेवावे लागले. ब्लेअर खोटे बोलत होते असे नव्हे. कोन मोजावयास त्यांच्यापाशी उपकरण होते. उंचीच्या बाबतीत मात्र अंदाजावर भिस्त ठेवावी लागली असावी. इतिहासकाराने माणसाची पारख करावयाची तशी विधानाविधानाचीही करावयाची, ती ही अशी.

१८५७ नंतर परिस्थिती पालटली. उठावातल्या कैद्यांना ठेवण्यासाठी जागा हवी म्हणून सरकारने डॉक्टर मोअट यांची समिती अंदमानला पाठविली. १८५८ पासून पोर्ट ब्लेअरला कैद्यांची वसाहत सुरू झाली, आणि मग या समुद्रात जहाजांची ये-जा कायमची झाली. बॅरन बेटावर पाहुणे येऊ लागले. डोंगर आता आग ओकत नव्हता. शिखरावर थोडी वाफ आणि गंधकाचा थर, एवढेच होते. पण खिंडाराच्या तोंडाशी, जुन्या शिलारसाच्या कडेला, समुद्रालगत एक उन्हाळा होता, म्हणजे ऊन पाण्याचा झरा. १८५८ साली डॉक्टर लीबिग यांनी त्यात उष्णतामापक घातला, तेव्हा त्याची मोजपट्टीच अपुरी पडली. १८७३ साली व्हॅलेंटाइन बॉल आले, १८८४ साली मॅलेट आले; दर खेपेस पाणी आधीपेक्षा कमी ऊन लागले. वैद्याने रोज ताप पाहावा आणि तो उतरत चाललेला दिसावा, तसा हा प्रकार. पाणी तापत होते ते पूर्वी वाहून आलेल्या शिलारसात अडकलेल्या उष्णतेने, आणि ती उष्णता दर वर्षी ओसरत होती. नवा शिलारस मधल्या काळात तेथवर आला असता, तर झरा पुन्हा कढला असता. म्हणजे या साक्षीदाराला लिहिता-वाचता येत नव्हते, पण त्याची जबानी कोणत्याही रोजनिशीइतकी स्पष्ट होती.

एफ. आर. मॅलेट हे भारतीय भूस्तर पाहणी खात्याचे अधिकारी. या बेटाची पहिली खरी बखर त्यांनीच लिहिली. १८८५ साली खात्याने ती प्रसिद्ध केली. स्वतःची पाहणी त्यांनी त्यात दिलीच. शिवाय आधीच्या साऱ्या दर्यावर्दींच्या हकिकती गोळा करून एकमेकींशी ताडून पाहिल्या. आज आपण जुन्या नोंदींविषयी जे बोलतो, त्यातला बराच पाया त्यांचा आहे.

त्यानंतर शांतता. विसावे शतक आले, अर्धे सरले, देश स्वतंत्र झाला, आणि बॅरनची गणना निद्रिस्त डोंगरांत होऊन बसली. काही माणसे तर पुरता विझला असेच समजून चालली. १९९१ च्या मार्च अखेरीस बेटावरून पुन्हा धूर निघाला. १८३२ पासून मोजले तर १५९ वर्षांनी! स्फोट होऊ लागले, शिलारस वाहू लागला, जुन्याच वाटेने खिंडारातून समुद्रात शिरला, आणि किनाऱ्यावर वाफेचे ढग उठले. सुमारे सहा महिने हे चालले. १९९४ च्या डिसेंबरात पुन्हा सुरू झाले, आणि १९९५ च्या मध्यापर्यंत चालले.

आता या शांततेचा हिशोब करा. १८५८ नंतरची शांतता भरवशाची होती, कारण तेव्हा जवळ माणसे होती, जहाजे होती, आणि थंड होत जाणारा झराही होता. १७८७ पूर्वीची शांतता मात्र भरवशाची नव्हे. तेव्हा पाहणारेच नव्हते. कागदावर दोन्ही कोरी पाने सारखीच दिसतात. पण एका पानावर 'काही झाले नाही' असे लिहिलेले आहे, आणि दुसऱ्यावर काहीच लिहिलेले नाही. या दोन पानांत फरक करावयास शिकणे, हाच या सगळ्या विद्येचा पहिला धडा.

मग ते दुसरे पान कायमचे कोरेच राहणार का? नाही. माणूस नव्हता तेव्हा दगड होता आणि चिखल होता. त्यांना बोलते करावयाचे.

दगडाला विचारावयाची पहिली गोष्ट अगदी सोपी: कोण कोणाच्या अंगावर आहे? खालचा थर आधीचा, वरचा नंतरचा. काहिलीच्या उभ्या भिंतींत शिलारस आणि राख यांचे थर एकावर एक रचलेले दिसतात. आमच्या मुंबईच्या आयआयटीतील हेतू शेठ, अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेतील ज्योतिरंजन राय आणि त्यांचे सहकारी यांनी हे थर हिंडून, पाहून, नमुने आणून तपासले. पण अलीकडच्या इतिहासाच्या दृष्टीने येथे एक अडचण आहे. काहिलीतून समुद्राकडे जाण्याची वाट एकच. १९९१ चा शिलारस जुन्या शिलारसावरून गेला. १९९४-९५ चा त्यावरून. आणि पुढच्या उद्रेकांनीही तेच केले. लहानपणी आपले आजोबा धुळपाटीवर अक्षरे गिरवीत. नवे अक्षर काढावयाचे तर जुने पुसावे लागे. बॅरनची ही वाट म्हणजे तशीच धुळपाटी आहे. शेवटचे अक्षर तेवढे स्पष्ट दिसते.

दगडाचे वय काढण्याची युक्ती आहे. दगडात पोटॅशियम असते. त्याचा अत्यल्प अंश अतिशय मंद गतीने आर्गॉन वायूत पालटत असतो. शिलारस पातळ असेपर्यंत वायू निसटून जातो. घट्ट झाला की आत कोंडला जातो. तो किती साठला हे मोजले की दगड केव्हा घट्ट झाला ते कळते. या रीतीने बेटावरच्या जुन्यातल्या जुन्या थरांचे वय सुमारे १६ लाख वर्षे आले. पण हेच घड्याळ दोन-तीनशे वर्षांच्या दगडाला लावावयाचे म्हटले तर उपयोगी पडत नाही. एवढ्या अल्प काळात मोजण्याजोगा वायूच साठत नाही. शतकांचा तास दाखविणाऱ्या घड्याळात मिनिटे पाहण्यासारखेच ते.

म्हणून चिखलाकडे जावे लागले. बेटापासून सुमारे ३२ किलोमीटर आग्नेयेला समुद्राच्या तळात एक लांब नळी खुपसून चिखलाचा उभा गाभा काढण्यात आला. बोराच्या झाडाखाली वर्षानुवर्षे पाने साचावी, तसा समुद्रतळावर गाळ संथपणे साचत असतो. त्यात मध्येच ज्वालामुखीची राख पडली की तिचा वेगळा थर दिसतो. राखेचे वय सरळ काढता येत नाही, पण तिच्या वरखालच्या गाळात सूक्ष्म समुद्री जीवांचे शंख असतात. त्या शंखांतल्या किरणोत्सर्गी कर्बावरून त्यांचे वय निघते, आणि त्यावरून राखेचे. या रीतीने गेल्या सुमारे ७२ हजार वर्षांतील राखेच्या मोठ्या उद्रेकांचा माग लागला.

येथेही एक शंका घ्यावयास हवी. राख सापडली खरी, पण ती बॅरनचीच कशावरून? राख फार दूर जाते. आपल्याच पुणे जिल्ह्यात, कुकडी नदीच्या काठी, बोरी येथे ज्वालामुखीच्या राखेचा थर सापडला आहे. ती राख सुमात्रातल्या टोबा ज्वालामुखीची, पण त्याच्या नेमक्या कोणत्या उद्रेकाची, सुमारे ७४ हजार वर्षांपूर्वीच्या की त्याहून कितीतरी जुन्या, यावर पंडितांत मोठा वाद झाला. सुमात्राची राख कुकडीकाठी येऊ शकते, तर बॅरनच्या दारात येणार नाही काय? म्हणून समुद्रातल्या त्या राखेची रासायनिक कुळी तपासावी लागली. प्रत्येक ज्वालामुखीच्या शिलारसात काही मूलद्रव्यांच्या समस्थानिकांचे प्रमाण आपापले असते. सोनार कसोटीवर सोने ओळखतो तसे त्यावरून घर ओळखता येते.

आणि हा चिखल कितीही प्रामाणिक असला, तरी त्याचीही एक बाजू आंधळी आहे. जो उद्रेक राख उंच उडवितो तोच त्याला कळतो. जो नुसता शिलारस वाहवितो आणि शांत होतो, त्याची वार्ता ३२ किलोमीटरवर पोचत नाही. वाऱ्याने राख दुसऱ्या दिशेला नेली, तरीही नाही. दर्यावर्दी आपल्या वाटेवरचे तेवढे पाहतो, दगडावर शेवटचे अक्षर तेवढे उरते, चिखलात मोठा आवाज तेवढा उमटतो. एकावर विसंबले तर फसगत. सगळ्यांना एके ठिकाणी बसवून त्यांच्या जबान्या ताडल्या तर गोष्ट हाती लागते.

यात आता आकाशातल्या साक्षीदाराची भर पडली आहे. २००४ च्या २६ डिसेंबरला सुमात्राजवळ महाभूकंप झाला, त्सुनामी आली, अंदमान-निकोबारला आणि आपल्या पूर्व किनाऱ्याला हाहाकार उडाला. पुढे पाचच महिन्यांनी, २८ मे २००५ रोजी, बॅरन पुन्हा पेटला. लोकांनी लगेच दुवा जोडला: भूकंपाने डोंगर जागा केला. असेलही, जमीन हादरली म्हणजे खालच्या शिलारसावर परिणाम होणे अशक्य नाही. पण १९९१ आणि १९९४ मध्ये तो असल्या महाभूकंपावाचूनच जागा झाला होता, हे विसरून चालणार नाही. एकामागून दुसरे घडले म्हणजे एकामुळे दुसरे घडले असे नव्हे. बखरीत शंकेची जागा शंका म्हणूनच ठेवावी.

२००५ नंतर डोंगर मधून मधून धुमसतच राहिला. उपग्रह त्याची उष्णता टिपतात. रात्री तर एखाद्या निखाऱ्यासारखा तो त्यांना दिसतो. पण पावसाळ्यात ढगांचे पांघरूण पसरले की उपग्रहालाही दिसेनासे होते. म्हणजे हा साक्षीदारही वर्षातले काही महिने डोळे मिटून बसतो. माणसाची नजर अजून कालबाह्य झालेली नाही, याचे एक सुरेख उदाहरण सांगतो.

२०१७ च्या जानेवारीत गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे शास्त्रज्ञ अभय मुधोळकर यांच्या नेतृत्वाखाली 'सिंधु संकल्प' जहाजातून या बेटाजवळ समुद्रतळाचे नमुने काढीत होते. २३ तारखेला डोंगराने एकाएकी राख उडविली. जहाज सुरक्षित अंतरावर नेऊन ते बारकाईने पाहत राहिले. त्यांना काय दिसले? उद्रेक पाच ते दहा मिनिटांच्या लहान लहान झटक्यांनी होत होता. दिवसा राखेचे ढग दिसत; अंधार पडल्यावर लालभडक शिलारसाचे कारंजे उडताना आणि उतारावरून ओघळताना दिसे.

दहा मिनिटे! १८०३ सालच्या त्या खलाशांनीही हीच गोष्ट सांगितली होती ना? दोनशे चौदा वर्षांचे अंतर. एकाजवळ शिडे आणि दुर्बीण, दुसऱ्याजवळ प्रयोगशाळाच जहाजावर. आणि दोघांची जबानी जवळजवळ मिळतीजुळती. जुनी नोंद अतिशयोक्तीची असेल अशी जी शंका मनात राहते, ती येथे बरीच फिटते. डोंगराचा जुना स्वभाव अजून कायम आहे. शिलारसातला वायू आत साठतो, एका मर्यादेला पोचला की फुटून बाहेर पडतो, पुन्हा साठू लागतो. चुलीवरच्या पातेल्याचे झाकण ठरावीक वेळाने उडावे तसे.

तुम्ही विचाराल, या ओसाड बेटाचा एवढा खल कशासाठी? तेथे जळावयाला कोण आहे? बकऱ्याच ना? पण त्या आकाशातून विमाने जातात. ज्वालामुखीची राख विमानाच्या यंत्रात शिरली तर यंत्र बंद पडते. म्हणून ऑस्ट्रेलियातल्या डार्विन येथील केंद्र बॅरनच्या राखेवर नजर ठेवून वैमानिकांना सूचना देते. शिवाय पोर्ट ब्लेअर काही फार दूर नाही. आणि अलीकडचे उद्रेक लहान आहेत हे खरे असले, तरी ज्या डोंगराचा माथा एकदा खचून काहील झाली, त्याच्या अंगी काय ताकद आहे हे ती काहीलच सांगते. पुढे काय होईल हे ठरविण्यास मागे काय झाले याखेरीज दुसरा आधार आपल्यापाशी नाही. १९९१ पूर्वी केवळ १५९ वर्षांच्या शांततेवर भिस्त ठेवून ज्यांनी त्याला विझलेला मानले, ते फसले. १६ लाख वर्षांच्या आयुष्यात १५९ वर्षे म्हणजे किती? साठ वर्षांच्या माणसाच्या हिशोबाने जेमतेम दोन दिवसांची झोप.

जाता जाता एक प्रश्न तुमच्याकडे सोपवितो. बॅरनच्या उत्तरेला सुमारे १३५ किलोमीटरवर नारकोंडम नावाचे दुसरे बेट आहे. तोही ज्वालामुखीच. पण त्याच्यावर हिरवेगार जंगल आहे, आणि जगात दुसरीकडे कोठेही न आढळणारा धनेश पक्षी तेथे राहतो. त्याच्या उद्रेकाची एकही लेखी नोंद नाही. तो कायमचा विझला असे म्हणावयाचे, की नुसता निजला असे म्हणावयाचे? आता तुम्ही उत्तर देण्याची घाई करणार नाही. तुम्ही आधी विचाराल, की बाबा, त्याच्याकडे पाहत कोण होते, आणि केव्हापासून?